टेस्टर अजून आतच आहे

तीर्थरूप मामांच्या पायांवर भाच्याचं डोकं. (डोकं अजून धडावर आहे, एवढं यावरून कळावं. इथल्या सध्याच्या हवेत तीही बातमीच आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? फाटकापाशी उभं राहायला तुमच्या हाताखाली चांगली धडधाकट माणसं दिलेली असताना तुम्ही स्वतःच दिवसभर उभे राहता, असं मामींनी कळवलंय. पत्रात त्यांनी आपल्या खोकल्याला एक ओळ दिली आहे आणि तुमच्या हट्टाला दोन पानं, त्यावरून दोन्ही दुखणी पूर्वीसारखीच आहेत असं धरून चालतो. मी बरा आहे. जेवण जात नाही, पण ते कॅन्टीनमुळेही असेल.

तुमचं पत्र पोचलं. "गाडी सापडली. माणूस कुठे आहे?" आणि खाली सही. आशीर्वादसुद्धा नाही! फौजेत शब्दांचं रेशन असतं हे मला ठाऊक आहे, पण निवृत्त होऊन आमच्या संस्थेत आलात त्यालाही आता बराच काळ लोटला, भाच्यावर एखादा जास्तीचा शब्द खर्च केलात तर कोणी कोर्टमार्शल करणार नाही. असो. प्रश्न चोख आहे. पण उत्तरं दोन आहेत. अधिकृत उत्तर असं, की माणूस इथे मुख्यालयाच्या इमारतीत हजर आहे. खरं उत्तर असं, की तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही आणि त्याला कुणी शोधतही नाहीये. ही दोन्ही उत्तरं एकाच छपराखाली कशी नांदतात हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. तुम्ही बसा. (उभे आहात हे मला माहीत आहे. बसा.)

आधी हे पत्र कागदावर का, ते सांगतो. फोन एक खातं ऐकतं, ईमेल दुसरं खातं वाचतं, आणि दोघांनी ऐकलेलं-वाचलेलं एकत्र आणण्याची जबाबदारी माझी. म्हणजे मी तुम्हाला फोन केला असता तर माझ्याच विरुद्धचा अहवाल मलाच लिहावा लागला असता. म्हणून हे पाकीट औषधांच्या खोक्यात, जुलाबाच्या गोळ्यांखाली ठेवून मालाच्या विमानानं धाडतोय. तुमचा कंपाउंडर ते तुमच्याच हातात देईल.

माझं नेमकं काम काय, हे तुम्ही प्रत्येक भेटीत विचारता आणि मी प्रत्येक वेळी मामींच्या खोकल्याकडे वळतो. आज सांगून टाकतो. आपली संस्था निम्म्या जगात औषधं आणि पाणी पोचवते, आणि जिथे पोचवते तिथे बहुधा गोळीबार चालू असतो, त्यामुळे सुरक्षा लागते. ती दोन खात्यांत वाटलेली आहे. भिंती, दारं, पहारेकरी, गाड्या आणि माणसांची शरीरं ज्यांच्याकडे, ते कुलूपखातं. त्याचे प्रमुख म्हणजे बुरूज. (नाव आम्ही ठेवलंय. हा माणूस दारात उभा राहिला की खोलीतला उजेड निम्मा होतो.) कॉम्प्युटर, तारा आणि त्यांतून वाहणारी सगळी माहिती ज्यांच्याकडे, ते पासवर्डखातं. तिथल्या प्रमुख एक बाई आहेत. आपण 'नमस्कार' म्हटलं, तर तो आपणच म्हटला ना, याची खात्री करून मगच त्या परत करतात. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावं म्हणून संस्थेनं मला नेमलं, आणि तेव्हापासून दोघंही माझ्याशीसुद्धा बोलेनाशी झाली.

माझी खोली दोघांच्या मधल्या बोळात आहे. तिला दोन दारं. एक कार्ड टेकवून उघडतं, ते कुलूपखात्याचं. दुसरं आकडे दाबून उघडतं, ते पासवर्डखात्याचं. आकडे दर आठवड्याला बदलतात. नवे आकडे ईमेलनं येतात, आणि तो ईमेल उघडायचा कॉम्प्युटर आकड्यांच्या दारापलीकडे ठेवलेला आहे. हे मी लेखी कळवलं तेव्हा माझ्या दक्षतेबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं, ईमेलनं.

एकच नमुना देतो, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. तळमजल्यावर एक थंडगार खोली आहे, तिथे संस्थेची सगळी माहिती साठवलेली यंत्रं आहेत. बुरूज म्हणाला, आग लागली तर या खोलीचं दार आपोआप उघडलं पाहिजे, आत माणूस असेल. बाई म्हणाल्या, आग लागली तर दार आपोआप बंद झालं पाहिजे, आत माहिती आहे. मी समन्वय साधला. परिणामी एकदा कॅन्टीनमध्ये तेल पेटलं तेव्हा ते दार उघडायला आणि मिटायला लागलं, उघडायला आणि मिटायला लागलं, आणि एक कारकून मधल्या फटीत दंड चेचून घेऊन बसला. शेवटी एका माणसानं पायातली चप्पल काढून बिजागरीत कोंबली आणि त्या बिचाऱ्याला ओढून काढलं. तो माणूस म्हणजे टेस्टर. ज्याची गाडी तुम्हाला सापडली, तोच.

टेस्टर हा दोन्ही खात्यांचा मिळून एकच माणूस होता. (होता असं लिहून गेलो. खाडाखोड तुम्हाला खपत नाही म्हणून तसंच ठेवतो, पण तुम्ही 'आहे' असं वाचा. मोठ्यानं वाचा.) दारांची कुलपं तोच बसवतो आणि कॉम्प्युटरच्या ताराही तोच ओढतो. शर्टाच्या खिशात कायम तो वीज तपासायचा दिव्याचा टेस्टर, त्यानंच बोट दाखवल्यासारखं दाखवणार, त्यानंच चहातली साखर ढवळणार. मला नावानं कधी हाक मारली नाही. 'काय समन्वय, जमलं का आज?' असं विचारून हसायचा, कारण उत्तर त्याला माहीत असायचं. साऱ्या इमारतीत मी ज्याच्याबरोबर डबा खातो असा तो एकटाच माणूस आहे, मामा.

आता मुद्द्यावर येतो. फाटकावर आपण कार्ड टेकवतो ती डबी तुमच्या केंद्रावर बंद पडली, आणि तुम्ही तक्रारीवर तक्रार धाडलीत. (बरोबरच केलंत. तुमचा दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण तुम्ही तो मनाला लावून घ्याल.) इथे प्रश्न असा उभा राहिला की डबी कोणाची? ती भिंतीवर असते म्हणून कुलूपखात्याची, की तिच्यातून तार जाते म्हणून पासवर्डखात्याची? बैठकांवर बैठका झाल्या. टेस्टर कोपऱ्यात बसून ऐकत होता. शेवटी त्याचं डोकं फिरलं. त्यानं मुख्यालयाच्या मागच्या फाटकावरची डबी सरळ उचकटली, खोक्यात घातली आणि तुमच्याकडे यायला निघाला. माझ्या खिडकीखाली गाडी थांबवून मला ते खोकं उंच करून दाखवलं. म्हणाला, "उसनी नेतोय. इथे नवी येईस्तोवर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. आणि माझा कॉम्प्युटर तेवढा बंद कर, नाहीतर बाई बोंब मारतील." मी हात हलवला. आणि तो मागच्या फाटकानं बाहेर पडला.

कळलं का, मामा? आत येताना त्यानं पुढच्या फाटकावर कार्ड टेकवलं होतं. बाहेर पडताना टेकवायचं कशावर? डबी त्याच्याच गाडीत, मागच्या सीटवर. सिस्टिमच्या दृष्टीनं तो आत आला आणि परत गेलाच नाही. असली चूक टेस्टरच करू जाणे! आणि असल्या चुकीतून न सुटणारं ऑफिस फक्त आपलंच असू शकतं.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. कोरड्या नदीच्या वळणावर गाडी, दारं उघडी, सीटवर त्याचं जाकीट, जाकिटात कार्ड, मागे खोकं, आणि माणूस नाही. तुम्ही सगळं नियमाप्रमाणे सीलबंद करून कपाटात ठेवलंत आणि इकडे 'कर्मचारी बेपत्ता' असा अहवाल धाडलात. तो अहवाल सिस्टिमनं उलट पाठवला, 'सदर व्यक्ती मुख्यालयात हजर आहे' असा शेरा मारून. तुमच्या माणसांना हुकमाशिवाय त्या वळणापलीकडे पाऊल टाकता येत नाही. तो हुकूम निघायचा तर लढणाऱ्या दोन्ही बाजूंकडून रस्ता मागावा लागतो, रस्ता फक्त आमच्या मोठ्या साहेबांच्या सहीनं मागता येतो, आणि साहेब सही करतात ती बेपत्ता माणसासाठी. हजर माणसासाठी कशी करणार?

मी बुरूजकडे गेलो. म्हटलं, मी त्याला जाताना या डोळ्यांनी पाहिलंय. कुठून पाहिलं? खिडकीतून. त्यानं इमारतीचा नकाशा पसरला. नकाशात माझ्या खोलीला खिडकी नाही. सुरक्षेच्या कारणास्तव ती बुजवल्याची नोंद आहे. (बुजवायला गवंडी आला होता. त्याला आत सोडायचं कार्ड मिळालं नाही.) बुरूज वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, सिस्टिमनं बाहेर दाखवल्याशिवाय मी दाखला देऊ शकत नाही. मग मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बुरूजच्या दाखल्याशिवाय मी सिस्टिम बदलू शकत नाही. शिवाय त्याचा कॉम्प्युटर चालू आहे. तो चालूच असणार, कारण बंद करायला गेलो तोवर दाराचे आकडे बदलले होते. मी या दाराकडून त्या दाराकडे फेऱ्या मारत राहिलो. दोघांनीही मला पाणी विचारलं, बसायला सांगितलं, आणि हात झटकले.

गाडी बाहेर आहे हे मात्र दोघांनाही मान्य. गाडी बाहेर आणि माणूस आत, म्हणजे गाडी चोरीला गेली! तशी तक्रारही झाली. मी म्हटलं, चोर तर चोर, निदान त्याला शोधायला तरी रस्ता मागा. तर म्हणे, चोर आपला कर्मचारी नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

मग साहेबांनी हुकूम काढला, आत आहे ना, मग आत शोधा. मामा, त्यांनी खरोखर शोधला. पहारेकऱ्यांनी गच्चीवरच्या टाक्यांत बॅटऱ्या मारल्या, अडगळीच्या खोलीतली कपाटं पुढे ओढली, लिफ्टच्या खड्ड्यात एक सडपातळ पोरगा उतरवला. मी त्यांच्याबरोबर हिंडत होतो, कारण समन्वय. एका कपाटामागे त्याची हरवलेली पक्कड मिळाली. ती मिळाल्यावर सगळ्यांना केवढा हुरूप आला! पासवर्डखात्यानं त्याच्या खुर्चीवर नोटीस चिकटवली, जागा सोडताना कॉम्प्युटर उघडा ठेवल्याबद्दल. बोलवूनही न आल्याबद्दल बुरूजनं दुसरी चिकटवली. एकाच माणसाबद्दल दोन्ही खात्यांनी काहीतरी केलं असं हे पहिलंच उदाहरण, आणि वार्षिक अहवालात ते माझ्या नावावर जाणार आहे.

हे सगळं मी हसून सांगतोय, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही. पण आता जे सांगायचंय ते मला कसंही सांगता येत नाहीये, तरी सांगतो. त्याची बायको रोज येते.

वहिनी पहिल्यांदा आल्या त्या त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. तो घरी विसरून गेला होता, आणि त्या चुकवून चालत नाहीत. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं, "आत आहेत." वहिनींचा चेहरा असा उजळला, मामा! त्या म्हणाल्या, "आहेत ना? मग जरा खाली बोलवता?" मुलीनं फोन लावला. वाजत राहिला. मला बोलावलं. मी खाली गेलो आणि वहिनींसमोर उभा राहिलो. नियम असा की अहवाल मान्य होईपर्यंत घरच्यांना काही सांगायचं नाही. मी म्हटलं, "कामात आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे कित्येकदा येऊन गेलेली बाई, मी खोटं बोलताना कान चोळतो हे तिला माहीत आहे. गोळ्या टेबलावर ठेवल्या, पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि बसल्या.

गोळ्या तपासणीच्या यंत्रातून गेल्या आणि टपालाच्या कप्प्यांत त्याच्या नावाच्या खणात जाऊन पडल्या, कारण माणूस हजर असला की त्याचं टपाल स्वीकारायचं असतं. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा गोळ्या घेऊन आल्या. आता त्या रोज सकाळी येतात, पाहुण्यांचं कार्ड गळ्यात घालतात, बसतात, आणि संध्याकाळी कार्ड परत करून जातात. खण भरत आलाय. टपालवाल्यानं मला विचारलं, की साहेब, मोठा खण देऊ का यांना? खोलीत आलो, दोन्ही दारं लावली आणि रडलो. (कुलूपखात्याच्या कॅमेऱ्यात ते असेल. असू दे.)

मग मला एक कल्पना सुचली, आणि तिथेच माती खाल्ली. आग लागल्याची कवायत करायची! भोंगा वाजला की सगळ्यांनी अंगणात यायचं, दारातून निघताना प्रत्येकानं कार्ड टेकवायचं, आणि आत कुणी उरलं असेल तर सिस्टिम ते दाखवते. म्हटलं, सगळ्या ऑफिससमोर एक माणूस कमी भरेल, इमारत उघड उघड रिकामी दिसेल, आणि मग साहेबांना मान्य करावंच लागेल. दोन्ही खात्यांच्या सह्या मी एकाच दिवशी मिळवल्या. एवढा समन्वय मी जन्मात साधला नव्हता.

भोंगा वाजला. सगळे अंगणात आले. कॅन्टीनवाले हातातल्या झाऱ्यासकट, साहेब घरातल्यासारखे सपाता घालून (खोलीत ते बूट काढून बसतात, हे गुपित फुटलं), आणि पाहुणी म्हणून वहिनीही. कडक ऊन होतं. बाईंनी यंत्रात पाहून सांगितलं, एक जण आत आहे. बुरूजनं माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, त्याला बाहेर बोलवा. आणि बुरूजनं कर्णा उचलून त्याचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. एवढ्या मोठ्या इमारतीवर आदळून ते नाव परत आलं. पुन्हा पुकारलं. नियमात तीनदा पुकारायचं आहे.

मामा, सगळ्यांना ठाऊक होतं की आत कुणी नाही. तरी तिसऱ्या हाकेला अख्खं अंगण दाराकडे बघत होतं. मीही बघत होतो. क्षणभर मलासुद्धा वाटलं, की येईल, खिशातला टेस्टर सावरत येईल आणि म्हणेल, 'काय समन्वय, जमलं का आज?' वहिनी सावलीतून उठून पुढे आल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, जसं कुणी येणार असलं की करतात. दार तसंच राहिलं. मग त्या वळून, बुरूजला नाही, साहेबांना नाही, मला म्हणाल्या, "भावजी, तिथे कुणी नाहीये हो." शांतपणे सांगितलं. जणू मलाच ते माहीत नव्हतं.

आणि निकाल काय लागला? कवायत नापास. कारण, एका कर्मचाऱ्यानं बाहेर पडण्याचा आदेश पाळला नाही. त्याच्या खुर्चीवर आता तिसरी नोटीस आहे.

साहेबांना गाठून मी वाट्टेल ते बोललो. माझा आवाज चढला, असं मला मागाहून सांगण्यात आलं. ते म्हणाले, तुमच्या भावना मी समजतो, पण पूर्वी पहारेकऱ्यांची मोजणी वेगळी आणि कॉम्प्युटरची वेगळी यायची तेव्हा किती गोंधळ व्हायचा, म्हणून तर आपण ठरवलं ना की सिस्टिमची मोजणी अखेरची? आज एका माणसासाठी ती खोटी ठरवली, तर उद्या कशावर विसंबायचं? आणि त्यांचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की त्यांनाही भीती वाटतेय. तो आत आहे तोवर तो जिवंत आहे. बाहेर आहे असं ठरलं की तो त्या वळणावर आहे.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला पट्टा बांधत जा, मामींना वरचेवर लिहीत जा, आणि माझी काळजी करू नका. तुमचा आशीर्वाद तुमच्या पत्रात नव्हता, तरी तो मी घेतला आहे.

तुमचा,
भाचा (दोन दारांच्या मधला)

ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्या कपाटाचं सील तोडा. (ओरडू नका, पुढे वाचा.) खोक्यातली डबी काढा. तुमच्या फाटकावरच्या बंद डबीचे स्क्रू काढून तिच्या तारा हिला जोडा, लाल तार लाल खुणेला आणि काळी काळ्या खुणेला. हिरवा दिवा लागला की जाकिटातलं कार्ड तिच्यावर टेकवा. ती डबी कुठेही बसवली तरी सिस्टिमला ती आमचं मागचं फाटकच वाटते. म्हणजे इथे नोंद होईल, 'मागचं फाटक, बाहेर'. बस्स! नोंद दिसली की बुरूज दाखला देईल, दाखला आला की बाई सिस्टिम बदलतील, तुमचा अहवाल मान्य होईल आणि साहेबांना सही करावी लागेल. दुसऱ्याचं कार्ड टेकवणं हा संस्थेतला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, तो नियम फळ्यावर मीच चिकटवलाय. तुम्ही तर आईला, तुमच्या सख्ख्या बहिणीला, कार्ड नाही म्हणून फाटकाबाहेर उन्हात उभं केलं होतंत. (ती अजून ते चारचौघांत कौतुकानं सांगते.) पण विचार करा, मामा. तो त्या फाटकानं बाहेर पडला, हे खरंच आहे. तुम्ही खोटं सांगत नाही, खरंच उशिरा सांगताय.

ता. क. पुन्हा. पत्र वाचून जाळून टाका. नको, जाळू नका. चौकशी झाली तर दाखवा, आणि भाच्यानं गळ घातली म्हणून सांगा. तुमची इतक्या वर्षांची स्वच्छ नोकरी माझ्यापायी डागाळू नये. माझी काय, ती या दारातून त्या दारात जाण्यातच गेली.

शेवटचा ता. क. पाकिटाच्या तळाशी हाताला काहीतरी कडक लागेल. ते माझं कार्ड आहे. तुम्ही नाही म्हणाल अशी मला भीती वाटते, आणि हो म्हणालात तरी सह्या व्हायला वेळ जाईल, तेवढा त्याच्याकडे असेल की नाही कोण जाणे. म्हणून आज सकाळी मी पुढच्या फाटकानं आत आलो, रीतसर हजर झालो, आणि आता मागच्या फाटकानं निघतोय. तिथे अजून नवी डबी आलेली नाही. त्याच्या खणातल्या गोळ्या माझ्या खिशात आहेत. वहिनी खाली खुर्चीवर बसल्या आहेत, त्यांना खरं सांगून आलो, या वेळी कान न चोळता. मी तुमच्या फाटकावर पोचलो तर कार्डाशिवाय आत घेऊ नका, आईसारखा उन्हात उभा करा, मी तक्रार करणार नाही. पण पोचलो नाही, तर त्याच्यामागोमाग माझंही कार्ड टेकवा. एवढं कराच, मामा. नाहीतर आई इथे फोन करील, ती मुलगी तिला गोड आवाजात सांगेल की आत आहेत, आणि आई विश्वास ठेवील.